नावडलेल्या पुस्तकाचंही नाव घ्या

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन होतो. २०१५पासूनची ही प्रथा. सोलापुरातल्या शाळांतही त्या दिवशी टेबलावर पुस्तकं मांडतात, सरस्वतीच्या फोटोला हार घालतात, मुलांना रांगेत बसवून हातात एकेक पुस्तक देतात आणि अहवालासाठी फोटो काढतात. मग पाहुणे बोलतात. वाचनाने माणूस घडतो, वाचाल तर वाचाल, मोबाइलने पिढी बिघडवली. हे सगळं खरं धरलं तरी त्या भाषणात एक गोष्ट हटकून नसते, ती म्हणजे परवा-परवा स्वतः वाचलेल्या एखाद्या पुस्तकाचं नाव. नावं घेतली जातात ती देव्हाऱ्यातली, ज्यांना कुणी नाही म्हणणार नाही अशी. गेल्या महिन्यात काय वाचलं, कुठं जीव रमला, कुठलं पुस्तक शंभराव्या पानावर मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही, हे पाहुणा सांगत नाही. सातवीतला पोरगा ‘वाचायला पाहिजे’ एवढा उपदेश घेऊन घरी जातो. काय वाचायचं, ते त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, की वाचनाच्या प्रचाराने वाचन वाढत नाही. एका वाचकाने दुसऱ्याला अमुक एक पुस्तक सांगितलं, ते का सांगतोय हे सांगितलं, आणि दुसरं एखादं आवडलं नाही तर तेही तेवढ्याच मोकळेपणाने बोलून दाखवलं, तर वाढतं. घराघरांत, मित्रामित्रांत हे थोडंफार चालतं. जाहीरपणे मात्र आपल्या शहरात ते जवळजवळ होत नाही. आणि ज्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ते घडवून आणायचं, ती लोकांच्या पैशातून मिळणाऱ्या अनुदानावर चालतात. म्हणून हा केवळ आवडीनिवडीचा मामला आहे असं म्हणून सोडून देता येत नाही.

पुस्तकाबद्दल चारचौघांत बोलायची आपल्याकडे एकच रीत रुजली आहे: प्रकाशन समारंभ. ज्याने सोलापुरात असे पाच-सहा समारंभ पाहिलेत त्याला पुढचं वर्णन नवं नाही. हॉलमध्ये बसलेला प्रत्येकजण लेखकाचा साडू, सहकारी, शेजारी किंवा विद्यार्थी असतो. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मग तीन वक्ते. पहिल्याने प्रस्तावना वाचलेली असते, दुसऱ्याने मलपृष्ठ, आणि तिसऱ्याने आधीच्या दोघांची भाषणं ऐकलेली असतात. पुस्तक प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं तिघंही सांगतात. लोक ते खरंच संग्रही ठेवतात. वाचावं असं कुणी म्हटलेलंच नसतं.

यात लबाडी नाही, भीड आहे. मुंबईत समीक्षक आणि लेखक वर्षानुवर्षं एकमेकांना न भेटता राहू शकतात. इथं आज एखाद्याच्या कवितासंग्रहाला ‘पसरट’ म्हटलं तर उद्या सकाळी तो नवी पेठेत समोरून येतो, आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसतो. ‘ललित’ मासिकात लेखक-प्रकाशकांच्या टोप्या उडवणारा ठणठणपाळ मराठी वाचकांनी डोक्यावर घेतला. पण जयवंत दळवींनासुद्धा ते लिहिताना टोपणनावाचा आडोसा घ्यावासा वाटला. मग आपल्यासारख्यांनी काय करावं? आपण ‘छान आहे’ म्हणतो. ज्याला काही कळत नाही तोही तेच म्हणतो आणि ज्याला पुष्कळ कळतं तोही तेच. अशा कौतुकावर विश्वास ठेवून चारशे-पाचशे रुपये घालवलेला माणूस पुढच्या वेळी कुणाचंच ऐकत नाही. नुकसान होतं ते खरोखर चांगल्या पुस्तकाचं, कारण त्याच्याबद्दलही लोक ‘छान आहे’ एवढंच बोलत असतात.

मारुती चितमपल्ली सोलापूरचे. २००६ साली इथंच भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि जून २०२५मध्ये त्यांनी याच गावात शेवटचा श्वास घेतला. श्रद्धांजल्या भरपूर वाहिल्या गेल्या. अरण्यऋषी, पक्षितज्ज्ञ, सोलापूरचं भूषण. पण ज्याने त्यांचं एकही पान वाचलेलं नाही त्याने सुरुवात कुठून करावी, हे सांगणारा मला तरी कुणी भेटला नाही. मग मीच सांगतो. आत्मचरित्र जाडजूड आहे, त्याला आधी हात घालू नका. जंगलातल्या अनुभवांचे छोटे लेख असलेला एखादा संग्रह घ्या, त्यातले जनावरांपेक्षा माणसांवरचे लेख आधी वाचा. पक्ष्यांचा कोश वाचायचा नसतो, खिडकीशी ठेवायचा असतो. आणि हेही सांगतो, की सलग वाचलं तर त्यांचं लेखन काही ठिकाणी तेच ते वाटतं; आठवड्याला एक लेख या बेताने घेतलं तर वाटत नाही. एवढं बोलल्याने त्यांचा मान कमी झाला असं कुणाला वाटत असेल, तर त्याने त्यांना हार घालावा. मला त्यांना वाचक मिळालेले हवे आहेत.

खरी शिफारस कशी असते ते ऐकायचं असेल तर शहरातल्या कुठल्याही वाचनालयाच्या अभ्यासिकेबाहेर, चहाच्या टपरीवर उभं राहावं. मोहोळ, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोट इथून आलेली पोरं-पोरी पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करत सकाळपासून रात्रीपर्यंत तिथं बसतात. त्यांचं बोलणं असं चालतं: ‘इतिहासाला ते जाडं घेऊ नको बे, त्यातली आधुनिक महाराष्ट्राची प्रकरणं तेवढी वाच.’ ‘भूगोलाला आधी शाळेचीच पुस्तकं संपव, मग बाकीचं.’ ‘ह्या आवृत्तीत आकडे जुने आहेत, झेरॉक्स मारायच्या आधी बघून घे.’ ‘तू मुख्यला बसूलालास ना, मग हे तुझ्या कामाचं नाही.’

या चार वाक्यांत जे आहे ते आपल्या एकाही प्रकाशन समारंभात नसतं. पुस्तक कुणासाठी आहे, कशासाठी आहे, त्यातलं किती घ्यायचं आणि कुठं फसायला होतं, सगळं आलं. बोलणाऱ्याला समोरचा कुठल्या परीक्षेला बसतोय हे माहीत असतं. लेखक त्याचा साडू नसतो. आणि चुकीचं पुस्तक म्हणजे दोन महिने पाण्यात, हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे भिडेला जागाच उरत नाही.

वाचनालयांचे जुने सभासद या मुलांना वाचक मानत नाहीत. ‘जागा अडवतात, आपलं एक पुस्तक नेत नाहीत’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तक्रार खरी आहे, पण दोष त्यांचा नव्हे. त्यातल्या एका मुलाने, परीक्षा झाल्यावर, मला विचारलं होतं, ‘काका, आता साधं वाचायला काय घेऊ?’ अभ्यासाबाहेरचं शेवटचं काय आवडलं होतं, असं मी उलट विचारलं. म्हणाला, नववीला मराठीत एक धडा होता, तो एका मोठ्या पुस्तकातून घेतलाय असं खाली लिहिलेलं; पुढं काय झालं ते बघायचं राहिलं. ते पुस्तक वाचनालयात होतं. तो ज्या हॉलमध्ये दिवसचे दिवस बसायचा, त्याच्या पलीकडच्याच खोलीत, कुलपातल्या कपाटात. त्याला तिथं कुणी नेलं नव्हतं आणि आपण होऊन जावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मला विचाराल तर वाचन प्रेरणा दिनाचा पाहुणा म्हणून अशाच एखाद्या मुलाला बोलवावं आणि सांगावं, तुझ्या मित्राला भूगोलाचं पुस्तक सांगतोस तसं आम्हाला गोष्टीचं एक सांग.

पुस्तक लोकांपर्यंत नेणारा माणूस या गावाला नवा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं रामजोशी झाला. तमाशाच्या फडात रमलेला, लावण्या रचून गाणारा. पुढं कीर्तनाकडे वळला आणि बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून गाजवल्या. मोरोपंत म्हणजे संस्कृतप्रचुर, यमकांचे डोंगर रचणारा पंडित कवी. त्याचं काव्य पोथीतच राहायचं, ते श्रोत्यांच्या तोंडी बसलं यात रामजोशासारख्या कीर्तनकारांचा वाटा मोठा. समोरची माणसं कशाने डोलतात आणि कशाने उठून जातात, हे फडावरच्या माणसाला पक्कं कळत असणार. त्याला मोरोपंत आवडला होता, आणि तो आवडलेला त्याने आपल्या लोकांना आपल्या चालीत ऐकवला. काव्य थोर असतं असं प्रवचन करून हे झालं नसतं.

आता जरा अवघड बाजूकडे येतो.

सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत जगणारं गाव आहे, आणि बाजारात चालते ती दखनी निराळीच. बोलताना आपण या सगळ्या सरमिसळ करतो. वाचताना मात्र प्रत्येकजण आपल्या गल्लीत. ज्या सिद्धेश्वराच्या नावाने जानेवारीत गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, तो सिद्धराम बाराव्या शतकातला वचनकार, म्हणजे छोटी भक्तिपर वचनं रचणारा कवी होता. त्याची वचनं कानडीत आहेत आणि कन्नड साहित्यात त्यांचं स्थान पक्कं आहे. आपल्या ग्रामदैवताने लिहिलेलं एक तरी वाक्य वाचलंय का, असं यात्रेतल्या दहा मराठी वाचकांना विचारून पाहा. त्यांना कमी लेखण्यासाठी हे म्हणत नाही. शेजारच्या लिंगायत घरातल्या आजोबांना ती वचनं पाठ असतात, पण त्यांना कुणी ‘त्यातलं एक सांगा, आणि तेच का आवडतं ते सांगा’ असं विचारलेलं नसतं.

शहराच्या पूर्व भागाचंही तसंच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग, मग यंत्रमाग चालवून सोलापूरची चादर घरोघरी पोचवली. तिकडच्या घरांत आजही तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पुष्कळांना दोन्ही लिप्या वाचता येतात. असा दुभाषी वाचक पुण्याच्या पेठांत शोधून सापडणार नाही. तो आपल्याकडे गल्लीगल्लीत आहे आणि आपण त्याला नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या बातमीपुरता ओळखतो. तेलुगूत आत्ता लोक काय वाचतायत, हे मराठी वाचकाला कळायचं असेल तर हैदराबादला जायची गरज नाही, कन्ना चौकात विचारलं तरी चालेल. उर्दू शाळांतल्या शिक्षकांचं तेच, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटच्या कानडी शाळांतल्या मास्तरांचं तेच. पुस्तकाचा मराठी अनुवाद नसला म्हणून काय बिघडलं? एखाद्याने ते वीस मिनिटं मराठीत सांगितलं तरी त्या भाषेतल्या कपाटाकडे पाहायची नजर बदलते. माझ्या मते सोलापुरातल्या वाचकांनी एकमेकांना पुस्तकं सांगण्याला जो अर्थ आहे, तो इतर गावांपेक्षा जास्त आहे तो इथंच.

ज्यांच्या हातात पुस्तक धरायला वेळच नाही त्यांचं काय, हाही प्रश्न आहे. शहरातल्या हजारो बायका घरी बसून विड्या वळतात; कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, वळून मोजून द्यायच्या. बाजारातल्या एका बऱ्या कादंबरीची किंमत हजार विड्यांच्या मजुरीहून जास्त आहे, हे लक्षात ठेवून मगच ‘लोक पुस्तकं विकत घेत नाहीत’ असं म्हणावं. क्युबातल्या चिरुटाच्या कारखान्यांत १८६५पासून एक प्रथा आहे. कामगार चिरूट वळत असतात आणि एकजण उंच जागी बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. या वाचकाचा पगार कामगारच वर्गणी काढून देत आणि कुठली कादंबरी लावायची ते मतं घेऊन ठरवत. आवडली नाही तर बोंब मारायला सगळे मोकळे. आपल्याकडे काम घराघरांत विखुरलेलं असल्याने ते जसंच्या तसं जमणार नाही. पण सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची हजारो घरं एका जागी आहेत. तिथं दुपारी वीस बायका एका ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसतात तेव्हा त्यांच्यातल्याच कुणा सुनेने-लेकीने वाचून दाखवायला काय हरकत आहे? अट एवढीच, की काय वाचायचं ते त्यांनी ठरवायचं. बाहेरून गेलेल्या ताईंनी ‘संस्कारक्षम’ पुस्तकं निवडली की तिसऱ्या दिवशी ओसरी रिकामी.

आता पैशाचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसतात आणि वर्गाप्रमाणे त्यांना परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायच्या खर्चासाठी सरकारी मदत, मिळतं. राज्यात अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं आहेत. अनुदान तुटपुंजं असतं, हप्ता उशिरा येतो, ग्रंथपालाचा पगार पाहिला तर शरम वाटते, हे सगळं मान्य. पण जे थोडे पैसे पुस्तकांवर खर्च होतात ते कसे होतात ते पाहू.

मी एका लहानशा वाचनालयाच्या कार्यकारिणीत काही वर्षं बसलो आहे. खरेदी बहुधा मार्चअखेरीस, कारण खर्च दाखवायचा असतो आणि वर्षाची ग्रंथसंख्या भरायची असते. विक्रेता यादी पाठवतो. पहिला प्रश्न सूट किती. दुसरा प्रश्न नग किती होतील. मग ज्या पुस्तकाची पानं कमी आणि किंमत त्याहून कमी, ते यादीत वर सरकतं. व्यक्तिमत्त्व विकास, थोरांची चरित्रं, आरोग्यासाठी पालेभाज्या. दर वर्षी. काउंटरवर दोरीने बांधलेली एक मागणी-वही होती. सभासदांना जे हवं ते त्यांनी त्यात लिहायचं. ती खरेदीच्या बैठकीत कधी आणली गेल्याचं मला आठवत नाही. सभासदांनाही ते कळलं असावं, कारण शेवटची नोंद फार जुनी होती आणि तिच्याखाली कुणीतरी पेनाने फूल काढलं होतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. ग्रंथपालाच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असतात. त्यातलं दुसरं: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तिसऱ्यासाठी रंगनाथन कपाटं उघडी ठेवा म्हणत होते, वाचकाला स्वतःच्या हाताने पुस्तकं चाळू द्या म्हणत होते. नव्वदहून अधिक वर्षं उलटून गेली आणि आपण अजून काउंटरपलीकडे बोट दाखवून ‘ते निळं, वरून दुसरं’ असं सांगतो आहोत. कुलपाचं कारण चोरी सांगितलं जातं. थोडी पुस्तकं जातील, हे खरं. पण कुणीच न नेलेल्या पुस्तकांना जी वाळवी लागते तिचा हिशेब कुठल्याही अहवालात नसतो.

म्हणून मला तीन गोष्टी हव्या आहेत. शहरातल्या प्रत्येक अनुदानित वाचनालयाने पुस्तकखरेदीच्या रकमेतला निदान चौथा हिस्सा वाचकांच्या सांगण्यावरून खर्च करावा, आणि मागणी-वही खरेदीच्या बैठकीत वाचून दाखवावी. परत आलेल्या पुस्तकाच्या आत एक कोरी चिठ्ठी चिकटवलेली असावी. नेणाऱ्याने हवं तर दोन ओळी लिहाव्यात: कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये. आणि महिन्यातली एक संध्याकाळ वाचकांची असावी. तिथं लेखक नको, अध्यक्ष नको, हार नको. प्रत्येकाने आवडलेलं एक आणि नावडलेलं एक सांगायचं, कुठल्याही भाषेतलं. चहा वाचनालयाचा. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो त्यातही एका परिसंवादाऐवजी हे करता येईल. परिसंवादाला तसेही पुढच्या भाषणाची वाट पाहणारे वक्तेच बसलेले असतात.

दर्जाचा आक्षेप लगेच येतो. लोकांच्या हाती दिलं तर रहस्यकथा आणि पाककृती यांनीच कपाटं भरतील. भरू द्यात चौथा हिस्सा. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी जेवढ्या लोकांना पान उलटायची सवय लावली तेवढी कुठल्या परिसंवादाने लावली? शिवाय रहस्यकथा वाचणाऱ्याला चांगली आणि टाकाऊ रहस्यकथा यांतला फरक नेमका कळतो. त्याला तो बोलून दाखवू दिला तर तोच उद्या विचारेल, ‘याच्या पुढचं काय आहे?’ त्या क्षणी ग्रंथपालाचं खरं काम सुरू होतं. उरलेले तीन हिस्से जाणत्यांनी जाणतेपणाने खर्च करावेत. ते मी काढून घेतलेले नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. अशा बैठकांना येणार कोण? निवृत्त, पुरुष, मराठी, आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. चार-पाच जण दर वेळी बोलतील, बाकीचे ऐकतील, आणि सहा महिन्यांत त्याचीही एक छोटी साहित्य परिषद होईल. हा धोका खरा आहे आणि त्यावर रामबाण उपाय माझ्याकडे नाही. एवढं करता येईल, की बोलायची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी, बैठक कधी दुपारी तर कधी रात्री घ्यावी, आणि दर तिसरी बैठक वाचनालयाबाहेर, पूर्व भागात, एखाद्या उर्दू शाळेत, कुंभारीला व्हावी. ज्यांना सभेत तोंड उघडत नाही त्यांच्यासाठी ती पुस्तकातली चिठ्ठी आहेच. ग्रंथपालाने पुस्तक परत घेताना ‘कसं वाटलं?’ एवढं विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबला, तर निम्मं काम तिथंच होतं. पण त्यासाठी त्याला माणसासारखा पगार द्यावा लागेल, हेही याच दमात सांगायला हवं.

चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नसावी. काही पुस्तकं माणूस गुपचूप नेतो. आजाराची, मोडलेल्या संसाराची, धर्मावर शंका घेणारी. कुणी काय नेलं याची नोंद दुसऱ्या सभासदाला दिसता कामा नये. याबाबत घासाघीस नको.

राहता राहिला स्थानिक लेखकाचा राग. एका कवीने हे ऐकून मला तोंडावर विचारलं, ‘माझ्या संग्रहात तीन जणांनी नावडला म्हणून चिठ्ठ्या टाकल्या तर चौथा नेईल का?’ मी म्हणालो, नेईल, आधी त्या तिघांचं का बिनसलं ते बघायला, आणि मग कदाचित त्यांना खोटं पाडायला. त्याला ते पटलं नाही. पण सध्या त्याच्या संग्रहाच्या वाचनालयातल्या प्रतीवर तारखेचा एकही शिक्का नाही, हे त्यानेच मला जाताना सांगितलं. तो ते अधूनमधून जाऊन तपासतो. अशी पहिली बैठक भरेल तिला त्याला बोलावलं आहे, वाचक म्हणून. स्वतःचं सोडून दुसऱ्या कुणाचीही दोन पुस्तकं घेऊन ये, असं सांगितलं आहे.